सब्बाग गल्ली, क्रमांक सतरा: सहा मजले, सुस्थितीत

भिंतीवर लाल रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत: ही जमीन विकाऊ नाही. खाली फोन नंबर.

*

"आधी चावी, मग सरबत." वधूपिता हाजी मतवल्ली, साखरपुड्याला तीन वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी.

*

तक्रार क्रमांक ४१२. पाचव्या मजल्यावरील रहिवासी कळवतात की लिफ्ट तीन आठवडे बंद आहे. गुडघ्यांचा विचार व्हावा.

*

अलेक्झांड्रियात हिवाळी वादळांना नावं असतात. नोव्हेंबरात येतं त्याचं नाव झाडू.

*

कागदावर गरुडाचा सरकारी शिक्का बसला की शाईवर फुंकर मारायची नसते. फुंकर मारणारा घाईत दिसतो, आणि घाईत असणाऱ्याचा पुढचा कागद उशिरा निघतो.

*

एक पांढरा कमोड, नवा, झाकणासहित. हटवला.

*

रिफअत अल-दमन्हूरी यांनी एकतीस वर्षं ट्राममध्ये लोकांची तिकिटं तपासली. प्रवासी म्हातारा आहे की तरुण, बसलाय की लोंबकळतोय, हे त्यांच्या लेखी गौण होतं. तिकीट आहे की नाही, एवढाच प्रश्न. एकदा त्यांनी सख्ख्या सासऱ्यांना भर उन्हात मधल्याच थांब्यावर उतरवलं होतं. त्यांची बायको इनायत ती गोष्ट अजून काढते, आणि काढते ती नेमकी जेवायला वाढताना.

निवृत्त झाल्यावर त्यांच्यापुढे एकच काम उरलं होतं. मुलगा हाझेम याला घर मिळवून देणं. हाझेमचा साखरपुडा रबाबशी झाला होता. मुलगी बालवाडीत शिकवायची आणि स्पष्ट बोलायची. तिचे वडील हाजी मतवल्ली यांचं बेसिन, नळ आणि कमोड यांचं मोठं दुकान. त्यांनी सांगून ठेवलं होतं की बकरी ईदच्या आत घराची चावी दिसली तर लग्न. नाही तर कस्टम खात्यातला एक मुलगा तयार आहे, त्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो.

तयार घर घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा रिफअत यांनी शहरात सगळे करतात तेच करायचं ठरवलं. आपलं धरून ओळखीची बारा कुटुंबं गोळा केली. सगळ्यांनी मिळून मोकळी जागा घ्यायची, सहा मजले चढवायचे, मजल्याला दोन घरं. निम्मं शहर असंच उभं राहिलंय. फरक एवढाच, की रिफअत म्हणाले, "परवाना काढून बांधू."

"परवाना काढून?" निवृत्त भूगोल शिक्षक लबीब यांनी चष्मा पुसला. "आणि मग राहायला कोण जाणार, नातवंडं?"

"तिकिटाशिवाय मी कधी कोणाला बसू दिलं नाही, उस्ताद लबीब."

"ट्राम तरी समोर उभी असायची ना," लबीब म्हणाले. पण बारांतल्या एकालाही दुसरं कोणी पुढाकार घेणारं दिसत नव्हतं, त्यामुळे ठराव संमत झाला.

जागा दाखवली दलाल शेहाताने. सब्बाग गल्लीत, दोन उंच इमारतींच्या मध्ये, तीनशे चौरस मीटर. रिफअत यांनी भिंतीवरची लाल अक्षरं वाचली आणि माघारी वळले.

"कुठे निघालात, उस्ताद?"

"विकाऊ नाही म्हणून लिहिलंय."

"म्हणूनच तर दाखवतोय!" शेहाताने कपाळाला हात लावला. "ज्या जागेवर 'विकणे आहे' लिहिलेलं असतं, ती विकणाऱ्याची नसते. विकाऊ नाही म्हणून लिहायचा खर्च खरा मालकच करतो. लावा फोन."

फोन उचलला मालकीणबाई सित्त करीमान यांनी. वय ऐंशीच्या पुढे, आवाज तुर्की सुभेदारणीचा. "या," त्या म्हणाल्या, "माझ्या पाठीमागे ती जागा तीनदा विकली गेली. चौथ्यांदा तरी मला बोलवावं, असं फार वाटत होतं."

खरेदीखत झालं. त्यात लिहिलं होतं की सदर जागा मोकळी, निर्वेध, कोणाच्याही ताब्यात अगर वहिवाटीत नाही. रिफअत यांनी ते वाक्य तीन वेळा वाचलं. इतकं चांगलं वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं.

*

विभाग कार्यालयात परवान्याच्या खिडकीमागे मदाम नगला बसत. समोर संगणक, बाजूला वाफाळता चहा, मागे नवऱ्याचा की साहेबांचा कोणास ठाऊक, पण एका गंभीर गृहस्थांचा फोटो. त्यांनी क्रमांक सतरा टाइप केला, पडद्याकडे पाहिलं आणि चहाचा घोट घेतला.

"हाजी, इथे इमारत आहे."

"इथे म्हणजे कुठे?"

"तुमच्या जागेवर. सहा मजली. बारा घरं. लिफ्टसह."

"जागा मोकळी आहे, मदाम. आणि मी हाजी नाही. अजून हज केलेली नाही."

"न केल्याचा दाखला आहे?"

"नाही."

"मग बसा, हाजी."

त्यांनी फाइल मागवली. गोष्ट अशी होती की काही वर्षांपूर्वी सरकारने नियमितीकरणाचा कायदा काढला. ठरावीक तारखेच्या आत ज्यांनी बेकायदा बांधकाम केलं असेल त्यांनी कबुली द्यावी, दंड भरावा आणि कायदेशीर व्हावं. तारखेनंतरच्याला माफी नाही. ज्या तिघांनी सित्त करीमानची जागा त्यांच्या नकळत विकत घेतली होती, त्यांतला दुसरा एक कंत्राटदार होता आणि दूरदर्शी होता. बांधायचं तर होतंच. मग गुन्हा मुदतीत नोंदवलेला बरा, असा विचार करून त्याने वीट न रचता सहा मजल्यांच्या बेकायदा बांधकामाची कबुली देऊन टाकली. दंड भरला. बांधकाम नियमित झाल्याचा दाखला, म्हणजे नमुना आठ, मिळवला. मग आपण फसवले गेलोय हे कळल्यावर तो कुवेतला निघून गेला. इमारत इथेच राहिली.

"इतकी स्वच्छ फाइल मी या शहरात दुसरी पाहिलेली नाही," मदाम नगला खरोखर हळव्या झाल्या. "सगळे शिक्के. एकही खाडाखोड नाही."

रिफअत यांनी खिशातून फोटो काढला. "हे बघा. आहे का इमारत?"

"फोटोत इमारत दिसत नाही, हे मान्य. पण फोटो काढणाऱ्याने कॅमेरा कुठे धरला होता, ते फोटोत दिसतं का?"

रिफअत यांनी फोटो उलटा करून पाहिला. दिसत नव्हतं.

"मग मी काय करू?"

"सोपं आहे. बांधकामाचा परवाना फक्त मोकळ्या जागेला मिळतो. तुमची जागा मोकळी नाही. आधी असलेली इमारत पाडायचा परवाना काढा, पाडा, आणि मोकळ्या जागेचा दाखला घेऊन माझ्याकडे या."

"पाडायला किती दिवस लागतील?"

"तुमच्या बाबतीत," मदाम नगला जराही न हसता म्हणाल्या, "फारसे नाही लागणार."

घरी आल्यावर रिफअत यांनी इनायतला सगळं सांगितलं. ती मोलोखियाची भाजी चिरत होती. सुरी न थांबवता ती म्हणाली, "अहो, चार विटा रचा रातोरात, सगळे रचतात तशा. दंड भरून मोकळे व्हा."

"तारीख उलटून गेली."

"म्हणजे ज्याने बांधलं नाही त्याला परवानगी, आणि तुम्ही बांधलं तर गुन्हा?"

"कागदावर तसं आहे खरं."

"माझ्या बाबांना उतरवलंत तेव्हाही हेच म्हणाला होतात," ती म्हणाली, आणि ताट जरा जोरात ठेवलं.

*

पाडकामाच्या अर्जाला रहिवाशांची संमती लागते. रिफअत यांनी त्या रकान्यात लिहिलं: रहिवासी नाहीत. अर्ज दुसऱ्या दिवशी परत आला.

"सहा मजली इमारत, सुस्थितीत, आणि एकही रहिवासी नाही?" मदाम नगला यांनी आवाज खाली आणला. "हाजी, याचा अर्थ तुम्ही त्यांना धमकावून हुसकावलंय. हे फौजदारीत जाईल."

"मदाम, माणसं नव्हतीच!"

"सगळे हेच म्हणतात."

तेव्हा बारा कुटुंबांनी स्वतःच रहिवासी व्हायचं ठरवलं. जमीन ज्याची, इमारत त्याची. आणि इमारत ज्याची, त्याने तिथे राहायला हरकत काय? लबीब यांच्या घरी चिठ्ठ्या टाकल्या. वास्तविक कोणतं घर कोणाला, याने काही बिघडणार नव्हतं. तरीही तळमजला नको म्हणून दोघे रुसले, आणि सहाव्यावर गच्चीचं ऊन लागतं म्हणून तिसऱ्याने चिठ्ठी परत टाकली. रिफअत यांना दुसऱ्या मजल्यावरचं चार नंबरचं घर आलं. त्यांच्या बरोबर डोक्यावर, सहा नंबरला, औषधांच्या दुकानाच्या मालकीण डॉक्टर ईझिस. लबीब पाचव्या मजल्यावर.

तीन आठवडे होताच लबीब यांनी लिफ्टची तक्रार नोंदवली.

"उस्ताद, लिफ्ट नाहीये!" रिफअत म्हणाले.

"मी तेच लिहिलंय. बंद आहे."

"बंद असणं वेगळं, नसणं वेगळं."

"पाचव्या मजल्यावरच्या माणसाला काही वेगळं नाही. आणि ऐका, तक्रार केली की रहिवास सिद्ध होतो. सरकार दुसऱ्या कशाने माणूस ओळखतं? तुम्हीपण टाका एखादी, नाही तर चार नंबर रिकामं धरतील आणि हाझेम बसेल बोंबलत."

एकतीस वर्षांत रिफअत यांनी खोटा कागद लिहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. शेवटी सगळ्यात निरुपद्रवी वाटली ती तक्रार लिहिली: वरच्या मजल्यावर वेळी-अवेळी फर्निचर ओढतात.

डॉक्टर ईझिसने त्यांच्याशी बोलणं टाकलं. "तीस वर्षं गोळ्या दिल्या ह्यांना," ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. "माझ्या घरात ओढण्यासारखं फर्निचर तरी आहे का, विचारा. कोणी येऊन बघावं."

कोणी येऊन बघणार, हे उघडच होतं. तक्रारी वाढल्या की विभाग कार्यालयाचं लक्ष जातं. आधी नोटीस आली ती रंगाची. नियमित झालेल्या प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग तीस दिवसांत फिकट बदामी रंगाने रंगवावा, अन्यथा नमुना आठ रद्द.

"दर्शनी भागच नाही," रिफअत म्हणाले.

"म्हणून तर नोटीस आली," मदाम नगला म्हणाल्या.

नमुना आठ रद्द झाला तर काय होईल, याची रिफअत यांना क्षणभर आशा वाटली. त्यांनी तसं विचारलं.

"इमारत पुन्हा बेकायदा होईल. बेकायदा इमारतीच्या रहिवाशांवर खटला. म्हणजे तुमच्यावर."

रविवारी बारा कुटुंबं डबे आणि ब्रश घेऊन गल्लीत जमली आणि त्यांनी कुंपणाची भिंत बदामी केली. लाल अक्षरं रंगाखाली गेली. तिसऱ्या दिवशी फीत घेऊन दोन वेगवेगळे गृहस्थ जागा मोजताना सापडले. दोघांकडे खरेदीखत होतं. लबीबनी घाईघाईने लाल रंग आणून भिंतीवर पुन्हा लिहिलं. फक्त आता लिहिलं: ही इमारत विकाऊ नाही.

मग पाहणीला तिघांची समिती आली. तिघेही फाटकाशी उभे राहिले. एकाने वर पाहिलं, डोळ्यांवर ऊन आलं, त्याने खाली पाहिलं. दुसऱ्याने लिव्हर-पाव खाऊन संपवला. तिसऱ्याने लिहिलं.

*स्थळपाहणी अहवाल*

*प्रवेशद्वार: आढळून आले नाही.*
*रहिवाशांनी दार उघडले काय: नाही.*
*जिना: वापरात नसावा.*
*भेगा, ओल, झुकाव: एकही नाही.*
*टाकीची गळती: नाही.*
*विनापरवाना वाढीव बांधकाम: नाही (संपूर्ण गल्लीत हे एकमेव उदाहरण).*
*जागेवर अनधिकृत व्यक्ती: कोणी नाही.*
*शेरा: इमारत उत्तम स्थितीत. पाडकामास परवानगी देणे म्हणजे राष्ट्रीय संपत्तीचे नुकसान होय.*

अर्ज फेटाळला गेला. रिफअत यांनी निर्णयाचा कागद हातात घेतला. शिक्क्याची शाई ओली होती. त्यांनी फुंकर मारली नाही.

*

नोव्हेंबरात झाडू आलं. दोन दिवस समुद्र किनाऱ्याचा रस्ता ओलांडून ट्रामच्या रुळांवर येत होता. सब्बाग गल्लीतल्या पंधरा नंबरची गॅलरी खाली आली. एकोणीस नंबरच्या गच्चीवरच्या तीन टाक्या, सगळ्या डिश आणि एक पूर्ण मजला, जो कोणी कधी मोजला नव्हता, वाऱ्याबरोबर गेला. माणसं वाचली, कारण गॅलऱ्या पडणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच त्यांत उभं राहत नसे.

क्रमांक सतराची एकही काच तडकली नाही.

तसा अहवाल वर गेला, आणि वरून मान्यवर खाली आले. फाटकाबाहेर लाल-निळ्या कापडाचा मांडव घातला गेला. सोनेरी खुर्च्या आल्या. त्या भिंतीकडे पाठ करून मांडल्या होत्या, कारण तोंड त्या बाजूला केलं की ऊन लागत होतं. 'आदर्श इमारत' म्हणून पितळी पाटी देण्यात आली. मान्यवर म्हणाले, "प्रत्येक गल्लीत अशी एक इमारत झाली, तर या शहरात कोणाच्याही डोक्यावर काही कोसळणार नाही." टाळ्या पडल्या. वाक्य चुकीचं नव्हतं.

पाटी रिफअत यांनी स्वीकारली. घरी येऊन ती टेबलावर ठेवली. इनायतने ती उलटून पाहिली आणि म्हणाली, "गरम भांड्याखाली ठेवायला बरी आहे."

"इनायत, मला वाटतं मी हाजींना खरं सांगून टाकावं."

"टाका. मोडू दे लग्न. पण पोराकडे बघून सांगा. तीन वर्षं झाली, तो तिला दर गुरुवारी आइस्क्रीम खायला नेतो आणि दोघं एका कपात दोन चमचे घालून बसतात, कारण दुसरीकडे बसायला जागा नाही."

*

ईदला दहा दिवस राहिले तेव्हा रिफअत सगळी फाइल काखेत मारून हाजी मतवल्लींच्या घरी गेले. नऊ मजली इमारत, घर सातव्यावर. लिफ्टमध्ये ते मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. वर पोचल्यावर जुळवलेलं सगळं विसरून त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हाजी, घर नाही. नुसते कागद आहेत."

हाजींनी चष्मा लावला. पहिला कागद पाहिला. दुसरा पाहिला. तिसऱ्यावर ते थांबले आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"हा गरुड खरा?"

"खरा."

"आणि हा?"

"सगळे खरे. नमुना आठ. रहिवासाचा दाखला. पाहणी अहवाल. हे आदर्श इमारतीचं प्रमाणपत्र."

हाजी उठले, दार लावून आले, आणि खाली बसले ते जरा जडपणेच. "व्याही, माझ्या या इमारतीला परवाना चार मजल्यांचा आहे. मी राहतो सातव्यावर. सव्वीस वर्षं झाली. सरकारच्या हिशेबी मी हवेत झोपतोय. दारावरची बेल वाजली की माझी बायको अजून आधी दिवा मालवते."

"पण हाजी, तुमच्याकडे घर तरी..."

"तो कस्टमवाला पोरगा! म्हटलं, बाळा, घराचे कागद दाखव. तर समुद्राकडे बघायला लागला. अहो, माझ्या दुकानातून निम्म्या शहराने कमोड नेले. कागद कोणाकडे आहे, एकाचं नाव सांगा!"

"हाजी, मी काय म्हणतोय ते कळतंय ना? तिथे घर नाही. वीटसुद्धा नाही."

"घराचं काय घेऊन बसलात, व्याही," हाजी मतवल्लींचे डोळे भरून आले होते. "घर काय, कोणीही बांधतो. कागद कोणाला बांधता आलाय?" आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ते ओरडले, "अगं, सरबत आण!"

*

रुखवताची मिरवणूक निघाली ती तीन उघड्या ट्रकांतून. फ्रिज, वॉशिंग मशिन, सात गाद्या, दोन झुंबरं, आणि दुकानातलं सगळ्यात भारी, खास इटलीहून मागवलेलं न्हाणीघराचं सामान. हॉर्न वाजत होते, बायका जीभ हलवून आनंदाचे लांब चीत्कार काढत होत्या. मिरवणूक रीतीप्रमाणे नवरदेवाच्या घरी, म्हणजे सब्बाग गल्ली, क्रमांक सतरा इथे येऊन थांबली.

"सामान कुठे उतरवू?" ट्रकवाल्याने विचारलं.

"दुसरा मजला, उजव्या हाताला," हाजी मतवल्ली म्हणाले.

ट्रकवाल्याने वर पाहिलं, मग हाजींकडे पाहिलं. तो अनुभवी माणूस होता. "जिन्याचे वेगळे पडतील," एवढंच म्हणाला.

रिफअत यांनी फाइलीतला नकाशा काढला आणि पावलांनी मोजत चार नंबरची जागा आखली, सोयीसाठी तळाशीच. फ्रिज स्वयंपाकघरात आला. गाद्या दोन झोपायच्या खोल्यांत वाटल्या गेल्या. हाजींनी कमोड स्वतः उचलून नकाशाबरहुकूम ठेवला आणि दोनदा सरळ केला. समोरच्या गॅलरीतून एक बाई ओरडली, "मुबारक हो! घर हवेशीर आहे हं!" पंधरा नंबरवाल्यांनी हेवा केला. डॉक्टर ईझिसदेखील आली, आणि कोचाकडे बोट दाखवून रिफअत यांना म्हणाली, "आता बघते कोण फर्निचर ओढतं ते."

सगळ्यांत शेवटी रबाब आली. ती फाटकातून आत शिरली, कोचावर बसली, आणि तिने एकदा चारी बाजूंना बघितलं.

"खिडकी कुठे आहे?"

"तुझ्या मागे," हाझेम म्हणाला. मग त्याला लाज वाटली आणि त्याने मान खाली घातली.

"कागदावर तीन आहेत खिडक्या," हाजी म्हणाले. "आणि पूर्वेचं ऊन येतं."

रबाब रिफअत यांच्याकडे वळली. "काका, एक विचारू? तुम्ही कधी नुसत्या तिकिटावर बसून कुठे गेलायत का? ट्राम नको. नुसतं तिकीट."

रिफअत यांनी नकाशाची घडी घातली. एकतीस वर्षांत प्रवाशांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, विनवण्या केल्या होत्या, एकाने चावाही घेतला होता. प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"पोरी, असं बोलू नये," हाजी म्हणाले. "कागद बघ आधी."

"बघितले, बाबा. कागदात माझं नाव कुठेच नाही." ती उठली, हाझेमने गुरुवारच्या सवयीने आणलेला आइस्क्रीमचा कप त्याच्या हातातून घेतला आणि त्यातला एक चमचा त्याला परत दिला. "चल. मी तुझ्याशी लग्न करतेय म्हणून करतेय. ह्यांच्या शिक्क्याशी नाही."

निकाह लावणाऱ्या काझींनी वहीत नवदांपत्याचा पत्ता लिहिला: सब्बाग गल्ली, क्रमांक सतरा, घर चार. कोणी दुरुस्ती सुचवली नाही.

नवरा-नवरी रिफअत यांच्या बैठकीच्या खोलीत राहायला आले. तात्पुरते. दोन कोच जोडले की पलंग होतो. मध्ये फट पडते तिथे उशी घालतात. पाहुणे आले की त्यांना उठावं लागतं. फ्रिज आणि गाद्या परत दुकानाच्या गोदामात गेल्या. कमोड तिथेच राहिला, कारण हाजींनी तो नकाशाप्रमाणे सिमेंटने पक्का केला होता.

पंधराव्या दिवशी अतिक्रमण विभागाची गाडी आली. क्रमांक सतराच्या आवारात विनापरवाना पक्कं बांधकाम आढळलं होतं. रिफअत धावत गेले. त्यांनी नमुना आठ दाखवला, पाटी दाखवली. अधिकारी सभ्य होता. त्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, "इमारतीबद्दल तक्रार नाहीच, हाजी. इमारत आदर्श आहे. पण हे बाहेर उघड्यावर आहे." वीस मिनिटांत काम झालं. त्या जागेवर हाताला लागेल अशी तेवढी एकच वस्तू होती, आणि त्याच एका वस्तूला पाडकामाचा हुकूम मिळायला एक दिवसही लागला नव्हता.

रिफअत तिथेच उभे राहिले. "आता तरी जागा मोकळी झाली ना?" त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं.

अधिकाऱ्याने वर पाहिलं, ऊन लागलं म्हणून खाली पाहिलं. "उद्या येऊन विचारा," तो म्हणाला.

*

*जाहीर सूचना. वरील मजकुरात सब्बाग गल्लीतील जागेचे वर्णन 'मोकळी' असे करण्यात आले आहे. या वर्णनास दलाल, मालकीण, समिती, बारा कुटुंबे अथवा वाचक यांपैकी कोणाकडूनही मुदतीत हरकत आलेली नाही. सबब ते कायम करण्यात येत आहे.*

*

सप्टेंबरच्या सहा तारखेला, ज्या सकाळी रिफअत अल-दमन्हूरी ती जागा पहिल्यांदा बघायला गेले, त्या सकाळी तिच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, पत्र्याचं छप्पर घातलेल्या विटांच्या एका खोलीत, पहारेकरी अब्दुल-मौला, त्याची बायको, सासू आणि तीन मुलं अकरा वर्षांपासून राहत होती.